पासवर्ड कुणाकडे आहे?

कुठल्याही मराठी संस्थेच्या कार्यकारिणीत 'आपली वेबसाइट असावी' हा ठराव विरोधाशिवाय मंजूर होतो. मागच्या सभेच्या इतिवृत्तातल्या एका वेलांटीवरून दीड तास भांडणारी माणसंही इथे एकमुखाने माना डोलवतात. कारण वेबसाइट म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: वर बोधचिन्ह, खाली अध्यक्षांचा हसरा फोटो, त्याखाली सरकत जाणारी पट्टी आणि पट्टीत 'हार्दिक स्वागत'. या चित्राला त्या धंद्यातली माणसं फ्रंटएंड म्हणतात. जे चित्रात कुठेच दिसत नाही, पण ज्याच्यावाचून चित्र उमटत नाही, ते बॅकएंड. फ्रंटएंडसाठी संस्था उपसमिती नेमते. बॅकएंडचा विषय निघाला की सर्वानुमते ठरतं, "ते तो मुलगा बघेल."

तो मुलगा प्रत्येक संस्थेला असतो. कुणाचा तरी भाचा, नाहीतर शेजाऱ्यांचा धाकटा. तो नक्की काय करतो हे कुणाला ठाऊक नसतं. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं पुरतं. त्याला काही मानधन द्यावं, अशी सूचना कुणी चुकून केलीच, तर खजिनदार दुखावल्या आवाजात म्हणतात, "अहो, घरचाच मुलगा आहे!"

ज्यांना पुढच्या-मागच्याची फोड करून हवी असेल त्यांनी मंगल कार्यालय आठवावं. पुढे फुलांची कमान, गुलाबपाणी, रांगोळीच्या महिरपीत मांडलेली ताटं. मागे भटारखाना. तिथे आचारी बनियनवर, जिलेबीच्या कढईशेजारी कुणीतरी मीठ शोधतंय, आणि मठ्ठा संपत आल्याची बातमी तिसऱ्या पंगतीला कळू नये म्हणून मागच्या मागे त्यात पाणी वाढतंय. वेबसाइटचंही हेच. फरक एवढाच की लग्नात निदान वधुपिता तरी मधूनमधून भटारखान्यात डोकावतो.

हा सगळा कारभार ज्या यंत्रणेवर चालतो तिला सीएमएस म्हणतात, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. वर्डप्रेस, जूमला, द्रुपल ही त्यातली नामांकित घराणी. जगातल्या दर पाच वेबसाइट्सपैकी दोन तरी एकट्या वर्डप्रेसवर चालतात, तेव्हा आपण त्याच घरात शिरू. तिथे 'आमच्याविषयी' हे पान तयार होऊन कुठेही पडलेलं नसतं. मजकूर एकीकडे, डेटाबेसच्या तक्त्यात. रंगरूप दुसरीकडे, थीममध्ये. वाचक आला की पीएचपीत लिहिलेला प्रोग्रॅम जागा होतो, तक्त्यातून मजकूर उपसतो, त्याला थीमचे कपडे चढवतो आणि पान वाचकापुढे उभं करतो. वाचक गेला, पान मोडलं. दुसरा आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेगळ्या चुलींचा मोठा फायदा असा की मजकुराच्या एका अक्षराला धक्का न लावता अख्खं रूप पालटता येतं. संस्थांना सीएमएसमधली ही एकच गोष्ट मनापासून आवडली आहे. नवी कार्यकारिणी आली की नवी थीम, नवं उद्घाटन, नवा नारळ; आत मजकूर तोच, 'इमारतीचे काम लवकरच पूर्ण होईल.'

दर वाचकाला पान नव्याने बनवून देणं यंत्राला जड जातं, म्हणून तयार पानाची एक प्रत बाजूला ठेवतात आणि पुढच्याला तीच देतात; वाचकाचा ब्राउझरही आपल्यापुरती एक ठेवून घेतो. अशा प्रतीला म्हणतात कॅश. पुढचा संवाद महाराष्ट्रात कुठे ना कुठे रोज चालू असतो.

"अरे, तारीख बदलली म्हणालास. इथे जुनीच दिसतेय."

"काका, कॅश क्लिअर करा."

"कॅश सगळी खजिनदारांकडे असते."

"तसं नव्हे काका. कंट्रोल आणि एफ-पाच एकदम दाबा."

"मी मोबाइलवर आहे."

इथे मुलगा दीर्घ श्वास घेतो आणि "संध्याकाळपर्यंत दिसेल" म्हणतो. ते खरंही ठरतं. मागे काही न करता पुढे काम झालेलं दिसण्याची सोय असलेलं हे एकमेव क्षेत्र आहे, असं मी म्हणणार होतो. पण मला पालिका आठवली.

गंमत म्हणजे मुळात हा पुढचा-मागचा भेद नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत, नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही येई आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येई. पण ते यंत्र महागडं, फार थोड्यांच्या टेबलावर. बाकीच्या यंत्रांसाठी जे ब्राउझर निघाले ते नुसते वाचणारे. १९९३ च्या मोझेकने पानावर चित्रं दाखवून लोकांना वेड लावलं आणि लिहिण्याची सोय राहून गेली, याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. जगाचे दोन तट पडले: बघणारे आणि पासवर्डवाले. पुढची काही वर्षं संस्थेचा एक फोन नंबर बदलायचा तरी एचटीएमएलची फाइल उघडा, सुधारा, एफटीपीने सर्व्हरवर चढवा. मेनूत एक शब्द वाढवायचा तर तो प्रत्येक पानावर हाताने.

मग ही भिंत पाडायला माणसं निघाली. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी विकी काढलं, ज्यात वाचणाऱ्यालाच लिहिता येतं. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, बरोबर महाराष्ट्र दिनी. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी, बी-टू नावाच्या रखडलेल्या प्रणालीचा धागा पुढे नेत, वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर काढली. म्हणजे एकाच महिन्यात मराठी माणसाच्या हाती लिहिण्याची दोन साधनं आली. त्याने दोन्हींकडे शांतपणे पाहिलं आणि तो व्हॉट्सअ‍ॅप येण्याची वाट बघत बसला.

सीएमएसचा सारा खटाटोप एवढ्यासाठी होता की तंत्र न कळणाऱ्या माणसालाही आत जाऊन चार ओळी लिहिता याव्यात, कुणाच्या विनवण्या कराव्या लागू नयेत. आपण सीएमएस बसवलं आणि ते चालवायला तोच मुलगा नेमला. आजही चिटणीस सूचना कागदावर लिहितात, कागदाचा फोटो काढतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात, मुलगा रात्री ऑफिसातून येऊन ती टाइप करतो, आणि मुद्रितशोधन फोनवरून होतं: "तिसऱ्या ओळीत 'ही' दीर्घ कर. नाही, त्याच्या पुढची 'ही'." कार्यक्रमपत्रिका डीटीपीवाल्याकडून आली तर निराळाच तमाशा. ती युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फाँटात जुळवलेली असते. कागदावर टपोरं मराठी. डॅशबोर्डमध्ये, म्हणजे सीएमएसच्या मागच्या खोलीत, चिकटवलं की रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा चिवडा. चिटणीसांचं निदान ठरलेलं असतं: "व्हायरस."

उपसमितीचं लक्ष मात्र फ्रंटएंडवर असतं आणि फ्रंटएंडमध्येही मुख्यतः स्लायडरवर. पहिल्या पानावर एकामागून एक फोटो सरकतात, तो स्लायडर. हा लोकशाहीला घातक प्रकार आहे. पहिला फोटो अध्यक्षांचा, दुसरा उपाध्यक्षांचा, मग कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, विश्वस्त. उपाध्यक्षांची तक्रार अशी की त्यांचा फोटो येईस्तोवर वाचक निघून जातो. यावर 'फोटो भरभर सरकवावेत' असा तोडगा निघतो. मग सगळेच इतक्या वेगाने धावू लागतात की कार्यकारिणी कुठेतरी आग विझवायला निघाली आहे असं वाटतं. विश्वस्तांचा फोटो मोबाइलवरून थेट आलेला, आठ एमबीचा. वर्डप्रेस २०१९ पासून अवाढव्य फोटो स्वतःहून २५६० पिक्सेलपर्यंत खाली आणतं, पण हे विश्वस्तांना सांगायचं कुणी? त्यांना आपण लहान केले गेलो असं वाटतं.

सरकारने हा वाद मुळातच उपटला. एनआयसी या सरकारच्याच संगणक-संस्थेने अनेक जिल्ह्यांच्या वेबसाइट्स एकाच साच्यातून काढल्या आहेत: तोच मेनू, तशीच अक्षर लहान-मोठं करायची बटणं, आणि तळाशी मजकूर शेवटचा कधी अद्ययावत केला ती तारीख. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती तारीख जाहीरपणे छापण्याचं धाडस आमच्यापैकी एकाही साहित्यसंस्थेत नाही.

आता मागे, डॅशबोर्डमध्ये चला. खरी संस्था तिथे भेटते. वर्डप्रेसने आत येणाऱ्यांसाठी पाच पायऱ्या करून ठेवल्या आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सर्वाधिकारी. एडिटर दुसऱ्याचंही लिखाण कापू शकतो. ऑथरला फक्त स्वतःचं छापता येतं. कॉन्ट्रिब्युटरला लिहिता येतं पण प्रकाशित करता येत नाही. महाराष्ट्रातले निम्मे कवी जन्मतःच या भूमिकेत असतात. आणि सबस्क्रायबरला स्वतःची माहिती बदलण्यापलीकडे काहीच करता येत नाही, म्हणजे आपला आजीव सभासद. शहाणपण असं सांगतं की ज्याला जेवढं काम तेवढाच अधिकार द्यावा. मुलगा तसं सुचवूनही पाहतो. "काका, तुम्हाला एडिटर करतो, मजकूर बदलायला तेवढं पुरे." काकांचा चेहरा पडतो. "मी या संस्थेचा अध्यक्ष, आणि माझ्या डोक्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर?" मग अध्यक्ष अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. ते झाले म्हणून उपाध्यक्ष. उपाध्यक्ष झाले म्हणून चिटणीस. महिन्याभरात सगळी कार्यकारिणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून सगळ्यांचा पासवर्डही एकच ठरतो: संस्थेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. हे दोन्ही फ्रंटएंडवर बोधचिन्हाखाली ठळक टाइपात छापलेलं असतं.

बॅकएंडला आणखी एक खोड आहे. ते काही विसरत नाही. मजकुरात बदल करून जितक्यांदा जतन कराल तितक्या आवृत्त्या, म्हणजे रिव्हिजन, वर्डप्रेस राखून ठेवतं. मुद्दाम मर्यादा घातली नाही तर कितीही. कुणी, किती वाजता, काय कापलं आणि काय घुसडलं हे लाल-हिरव्या रंगात शेजारीशेजारी दिसतं. फ्रंटएंडवर 'अध्यक्षांचे मनोगत' वाचणाऱ्याला वाटतं, एका निर्मळ मनातून एका दमात उतरलंय. मागे जाऊन पाहावं. पहिल्या आवृत्तीत 'माझ्या कारकिर्दीत' असतं. रात्री अकराला चिटणीसांच्या खात्यातून त्याचं 'विद्यमान कार्यकारिणीच्या कारकिर्दीत' होतं. पहाटे सहाला, 'माझ्या नेतृत्वाखालील विद्यमान कार्यकारिणीच्या'. माजी अध्यक्षांचं नाव एका आवृत्तीत 'थोर मार्गदर्शक' म्हणून येतं, दुसरीत नुसतंच येतं, तिसरीत 'आदी मान्यवरां'त विरघळतं. खजिनदार रोज एकदा आत येऊन फक्त शिल्लक रकमेचा उल्लेख खोडून जातात. संस्थांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळत बसू नये. रिव्हिजनचं बटण दाबावं.

मराठीपुरता एक टोला या बॅकएंडने वेगळा हाणून ठेवला आहे. प्रत्येक सूचनेचा वेबपत्ता, ज्याला स्लग म्हणतात, तो वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप बनवतं आणि त्यासाठी जागा असते २०० चिन्हांची. इंग्रजीला ती ऐसपैस. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो की वेलांटी, तीन बाइटचं; आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहायचा. म्हणजे एका वेलांटीला नऊ घरं! बाविसाव्या चिन्हाशी जागा संपते आणि उरलेलं शीर्षक मुकाट्याने कापलं जातं. 'रविवारचे व्याख्यान होणार नाही' हे शीर्षक या हिशेबाने मोजून पाहा. पत्ता उरतो, 'रविवारचे-व्याख्यान-होणार'. नेमका 'नाही' दाराबाहेर. चिटणीस हा पत्ता गटावर टाकतात, सभासद पत्ताच वाचतात, आत कोण जातो? रविवारी सहाला बंद सभागृहासमोर छत्र्या घेऊन मंडळी उभी. आणि तो पत्ता कधी मूळ रूपात उमटला तर टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार अशी लांबलचक माळ दिसते. "हे कसले टक्के, आणि कुणाचे?" असा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारला गेला की खजिनदार पाणी मागतात.

वर्डप्रेसच्या घड्याळाची कथाही ऐकण्यासारखी आहे. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा रात्री बाराच्या ठोक्याला झळकाव्यात म्हणून मुलगा आदल्या दिवशीच वेळ लावून ठेवतो आणि झोपतो. आता वर्डप्रेसमधली वेळ लावलेली कामं मुळात स्वतःहून सुरू होत नाहीत. कुणी वाचक आला की त्याच्या चाहुलीने यंत्रणा जागी होते, किती वाजले ते बघते आणि तुंबलेली कामं हातावेगळी करते. गजबजलेल्या वेबसाइटवर हे कळतही नाही. आपल्या वेबसाइटवर रात्री बाराला कोण येणार? सकाळी नऊला झेंडावंदन उरकून अध्यक्ष पान उघडतात. शुभेच्छा नाहीत. ते मुलाला झापतात. मुलगा पान उघडतो, तर शुभेच्छा आहेत. दोघंही खरं बोलत असतात. अध्यक्षांच्याच पावलांनी यंत्रणा उठलेली असते आणि त्यांची पाठ वळल्यावर तिने काम केलेलं असतं. आपण सोडून नऊ तासांत वेबसाइटवर चिटपाखरू फिरकलं नाही, हा यातला खरा निष्कर्ष. तो अध्यक्षांना सांगण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

पुढे मुलाचं लग्न होतं आणि तो बंगळुरूला नाहीतर जर्मनीला जातो. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा दिवाळीपर्यंत टिकतात. मग एक दिवस पानच दिसेनासं होतं. गंभीर बिघाड झाल्याची एक इंग्रजी ओळ तेवढी दिसते. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेसने अशा प्रसंगासाठी छान सोय केली आहे: बिघाड झाला की व्यवस्थापकाच्या ईमेलवर दुरुस्तीसाठी आत शिरायची खास वाट पाठवली जाते. व्यवस्थापकाचा ईमेल म्हणजे मुलाचा कॉलेजातला, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. डोमेनची मुदत संपत आल्याची पत्रंही त्याच पत्त्यावर जात असतात.

त्याहून वाईट म्हणजे काहीच बिघडलेलं न दिसणं. कुणी अद्ययावत न केलेल्या एखाद्या जुनाट प्लगइनमधून, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या ठिगळातून, चोर आत येतो. तो फ्रंटएंडला बोट लावत नाही. तुम्ही पाहिलंत तर तेच बोधचिन्ह, तेच हार्दिक स्वागत. गूगलचा शोधक पाहायला आला की मात्र त्याच्यापुढे जपानी मजकुराची शेकडो पानं मांडली जातात. हा प्रकार इतका सर्रास चालतो की गूगलने 'जपानी कीवर्ड हॅक' असं नाव देऊन त्यावर मार्गदर्शनच लिहून ठेवलं आहे. मग एखादा सभासद गूगलवर आपल्या वाचनालयाचं नाव शोधतो आणि त्याला त्याच नावाखाली जपानीत ब्रँडेड मालाची नक्कल विकणारं दुकान सापडतं. संस्थेची कीर्ती सातासमुद्रापार गेल्याचा आनंद थोडा वेळ टिकतो.

हल्ली 'हेडलेस सीएमएस' निघालं आहे. मजकूर सांभाळणारी मागची बाजू शाबूत, पण तिला स्वतःचा चेहराच नाही. मजकूर एपीआय नावाच्या खिडकीतून बाहेर सोडायचा. मग तो वेबसाइटवर दाखवा, मोबाइल अ‍ॅपमध्ये दाखवा नाहीतर एसटी स्टँडवरच्या पडद्यावर. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे यांचं शिर पडल्यावरही धड लढत राहिलं, ही आख्यायिका ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. पण कार्यकारिणीत ही कल्पना मांडून पाहा. पहिला प्रश्न येईल, "मग अध्यक्षांचा फोटो कुठे लावायचा?"

तेव्हा ज्यांच्या संस्थेला वेबसाइट आहे त्यांना विनंती की येत्या बैठकीत रंगावरची चर्चा एकदा राहू द्या. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर नोंदलंय, होस्टिंगचे पैसे कोण भरतं, प्लगइन शेवटचे कधी अद्ययावत केले, बॅकअप आहे का आणि असेल तर कुठे, एवढं विषयपत्रिकेवर घ्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोनच ठेवा, बाकीच्यांचे रुसवे काढा. चिटणीसांना एडिटरचं खातं उघडून द्या आणि एक सूचना त्यांनी स्वतः टाइप करून प्रकाशित करेपर्यंत चहा सांगू नका. आणि तो मुलगा अजून फोन उचलत असेल तर त्याला मानधन द्या. मागील बाकीसह.